तीन नंबरचा व्हॉल्व्ह

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, सदरला ऑफिसात होतो. जेवणाची सुट्टी होती आणि डबा खाता खाता, रोजच्या सवयीप्रमाणे, मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो. वहिनी सहसा स्वतःहून फोन करत नाही, म्हणून मी जरा घाबरतच उचलला.

"भाऊजी, तुमचे दादा बोलतच नाही जी कोणासंगं," ती म्हणाली. "सकाळी उठतात, आंघोळ करतात, अन् दारात खुर्ची टाकून बसतात. जेवा म्हटलं की जेवतात. आवाज दिला तर ऐकू येत नाही, अन् ऐकू आला तरी उत्तर देत नाही. त्याइले काहीतरी काम द्या तुम्ही. हाताले काम नसलं तर हा माणूस वाचत नाही."

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सावनेरजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याने सगळी नोकरी फिटर म्हणून काढली. डंपरची इंजिनं, पाणी उपसायचे पंप, जनरेटर, जे बिघडेल ते त्याच्यापुढे आणून ठेवायचे. कान तिथेच गेले. निवृत्त झाला तेव्हा शेजारी उभं राहून ओरडल्याशिवाय त्याला ऐकू येत नव्हतं. कानात घालायचं मशीन आणलं होतं, पण त्यातून सगळं भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणून त्याने ते कपाटात ठेवून दिलं. ऐकू न येणारा माणूस आधी लोकांना नकोसा होतो आणि मग स्वतःलाच नकोसा होतो. दादाचं तसं चाललं होतं हे मला दिसत होतं, पण सावनेर काही रस्त्यावर नाही, महिन्यातून एकदा चक्कर मारली की मी स्वतःला चांगला भाऊ समजायचो.

आमच्या हुडकेश्वरच्या घराशेजारी पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात तीन वर्षांपासून एक जुनी जर्मन गाडी उभी होती, गोल पाठीची, मागे इंजिन असलेली. बायको तिला कासव म्हणते. मी ती हौसेने घेतली आणि हौस उतरल्यावर तिच्यावर ताडपत्री टाकली. या गाडीच्या इंजिनाला पाणी लागत नाही, रेडिएटर नाही. एक मोठा पंखा वारा मारतो आणि त्या वाऱ्यावर इंजिन थंड राहतं, म्हणजे राहिलं तर राहतं. आधीच्या मालकाने तिला मोठे सिलिंडर आणि दोन कार्बुरेटर बसवले होते आणि मग इंजिन अर्धवट सोडून गाडी विकून टाकली होती. मी त्याच दिवशी दादाला फोनवर ओरडून सांगितलं, की मला हे इंजिन बांधायचं आहे, माझ्या एकट्याच्याने होत नाही, तू शनिवार-रविवार येत जा.

हे मी इथे मुद्दाम स्पष्ट लिहून ठेवतो: इंजिन हे निमित्त होतं. मला गाडी चालवायची नव्हती, मला दादा त्या खुर्चीतून उठवायचा होता. हे लिहून ठेवायला लागतंय, कारण पुढे सगळ्यात आधी ते मीच विसरलो.

तो आला. पहिल्या शनिवारी सकाळच्या बसने, खांद्याला कॅनव्हासची पिशवी अडकवून. पिशवीत त्याचे स्वतःचे पाने, हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणि फडक्यात गुंडाळलेलं, फट मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज होतं. चहा नको म्हणाला आणि सरळ शेडमध्ये गेला. गाडीच्या मागे बसला, झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "कोणं हात लावला होता गा इले? सारे नट उलटेसुलटे." आणि हसला. मी त्याला दोन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं. मला भरून आलं, पण ते दाखवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी घासलेटचा डबा आणायला गेलो.

पुढचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले होते, आणि मला तेव्हा ते कळतही होतं. दादा एकेक भाग काढायचा, धुवायचा, पुसायचा, वर्तमानपत्रावर मांडायचा. त्याच्या हाताची लय बघण्यासारखी होती. आमचे वडील हातमागावर बसायचे. तुटलेला धागा ते न बघता जोडत. दादाच्या बोटांत ते आलं, माझ्या बोटांत फॉर्म भरण्यापलीकडे काही आलं नाही. काम करता करता तो बोलायला लागला. खाणीतल्या गोष्टी, वर्कशॉपमधला एक साहेब ज्याला पाना आणि पकड यातला फरक कळत नसे, असलं काहीबाही. बोलताना स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा आणि शेजारचे लोक गॅलरीत येऊन बघायचे. वहिनीचा फोन आला, "भाऊजी, काल दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अन् मले म्हणे, भाजीत मीठ कमी हाये." ती हे रडत सांगत होती की हसत, ते कळलं नाही.

मग व्हॉल्व्हची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं.

ज्याला इंजिन ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक सिलिंडरला दोन दारं असतात. एकातून पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. खाली एक दांडा फिरतो, तो पुशरॉड नावाच्या लांब काडीला वर ढकलतो, काडी रॉकर नावाच्या तरफेला ढकलते आणि तरफ व्हॉल्व्ह उघडते. मग स्प्रिंग त्याला परत बंद करते. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसभर जागा ठेवावी लागते. जागा जास्त झाली की टकटक आवाज येतो. जागा उरलीच नाही तर आवाज येत नाही, पण दार पूर्ण मिटत नाही, फटीतून आग जात राहते आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे आवाज करणारा व्हॉल्व्ह बरा, गप्प झालेला वाईट. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

मी रात्रंदिवस वाचायला लागलो होतो. परदेशातले लोक या इंजिनात काय काय बदलतात, कुठली स्प्रिंग, कुठले रॉकर, कुठल्या काड्या, यावर पानंच्या पानं असतात आणि माणसं एकमेकांना शिव्या देत भांडत असतात. मला त्यातलं अर्धं कळायचं आणि त्या अर्ध्याचा मला माज आला. मी ठरवलं की मूळ ॲल्युमिनियमच्या पुशरॉडऐवजी स्टीलचे घ्यायचे, एका स्प्रिंगऐवजी एकात एक अशा दोन कडक स्प्रिंगा घालायच्या आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणारे रॉकर बसवायचे. हे मी दादाला मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं.

त्याने फोटो नीट पाहिले. मोबाइल मला परत देत म्हणाला, "एवढी कडक स्प्रिंग कायले? हे काय डंपर हाये?"

"ताकद वाढते दादा."

"दांड्याले रगडत बसन ते. अन् काड्या ॲल्युमिनियमच्याच ठेव. इंजिन ॲल्युमिनियमचं, काडी ॲल्युमिनियमची. तापलं तर दोघंही संगंच फुगतात, ठंडं झालं तर संगंच आकसतात. स्टील तेवढं फुगत नाही, आकसतही नाही. मंग जागा कधी वाढते, कधी मरते."

"पण मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वर ॲल्युमिनियमची काडी वाकते," मी वाचलेलं घडाघडा ओकलो.

"तू कुठं पाच हजारावर चालवणार हायेस? हुडकेश्वरच्या रोडवर? तिथं गाई बसून राह्यतात गा."

मी हसलो, तोही हसला, आणि सोमवारी ऑफिसातून मी स्टीलच्या काड्यांची, दुहेरी स्प्रिंगांची आणि रॉकरची ऑर्डर देऊन टाकली. त्याला न सांगता. आता विचार केला की वाटतं, तो जे म्हणाला होता ते चूक की बरोबर हा प्रश्नच नव्हता. त्याला विचारून, त्याच्या मताने एक वस्तू यावी, एवढंच पुरेसं होतं. साध्या ॲल्युमिनियमच्या काड्या आणल्या असत्या तर गाडी थोडी मंद पळाली असती आणि काय झालं असतं? काहीही झालं नसतं.

पार्सल आलं तेव्हा त्याने खोका उघडला, एक काडी बोटांवर तोलली आणि परत खोक्यात ठेवली. पुढच्या दोन शनिवारी त्याने ते सगळं बसवलंही, इतक्या नीट की मी स्वतः सात जन्मांत बसवलं नसतं. फक्त खाणीतल्या गोष्टी बंद झाल्या. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, उन्हाने त्रासला असेल.

मे महिना लागला होता. नागपूरचा मे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी पंधरा दिवसांची रजा टाकली होती आणि रजेतच इंजिन सुरू झालं पाहिजे असं माझ्या डोक्यात बसलं होतं. राहिलं होतं एकच काम, आठही व्हॉल्व्हची जागा लावणं. काड्यांबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की हे इंजिन थंड असताना करावं, आणि स्टीलच्या काडीला जागा जवळजवळ ठेवूच नये, इंजिन तापलं की ती आपोआप वाढते; काडी नुसती बोटांनी फिरली पाहिजे.

दादा म्हणाला, "आज नाही लावत. पोती आण दोन-तीन. ओली करून रात्रभर इंजिनावर टाकू, समोर कूलर लावू. पहाटे लावू."

"कायले? इंजिन अजून सुरूच झालं नाही. थंडच तर आहे."

त्याने माझा हात धरला आणि इंजिनावर ठेवला. दुपारचे दोन वाजले होते, वर पत्रा. मी हात झटकन मागे घेतला.

"हे ठंडं हाये?" तो म्हणाला. "मे महिन्यात ठंडं इंजिन भेटत नाही गा. करा लागते. आम्ही खाणीत पोतीच टाकत होतो."

ज्यांनी तो कागद लिहिला त्यांच्या गावात थंड म्हणजे थंडच असतं. ते काय लिहिणार, की नागपुरात असाल तर पोती ओली करा? कागदावर एवढंच होतं की इंजिन काही तास बंद असावं. माझं तर तीन वर्षं बंद होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्यासारख्याच जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या पाच-सहा जणांना पहिल्या स्टार्टसाठी घरी बोलावून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी समोसे सांगितले होते. समोसे सांगितलेत म्हणून मी एका फिटरचं ऐकलं नाही. हे असं कागदावर उतरवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी फिलर गेज बाजूला ठेवलं आणि काड्या बोटांनी फिरवत फिरवत आठही व्हॉल्व्ह स्वतः लावले. दादा बाजूला उभा राहून बघत होता. एकदा तो पुढे झाला, तीन नंबरच्या सिलिंडरच्या धुराच्या रॉकरला अंगठा लावला आणि म्हणाला, "हा जास्त दाबला." मी म्हटलं, "बरोबर आहे, राहू दे." झाकणं लावून टाकली.

सकाळी माणसं आली. मोबाइल बाहेर निघाले. किल्ली फिरवली आणि इंजिन दुसऱ्या हिसक्याला पेटलं. काय आवाज होता! शेड हादरत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणी दादाच्या मारली नाही, कारण तो कोण आहे हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्यांना तो मजुरीवर आणलेला माणूस वाटला असावा.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चाललं, चांगलं तापलं, तेव्हा दादा पुढे झाला. त्याने तो लांब पेचकस घेतला. पेचकसाचं टोक झाकणावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. पूर्वी मिस्त्री मूठ कानाला लावत, तसा तोही लावत असणार, पण कान गेल्यावर, आवाजाची थरथर दातांतून कळावी म्हणून, त्याने दातांनी धरायला सुरुवात केली होती. डोळे मिटून, इंजिनापुढे वाकून, तोंडात पेचकस धरलेला साठी उलटून गेलेला माणूस. एक जण फिस्सकन हसला. दुसऱ्याने मोबाइल त्याच्याकडे वळवला. मला लाज वाटली. दादाची लाज वाटली मला.

तो सरळ उभा राहिला आणि नेहमीसारखं ओरडून म्हणाला, "बंद कर गा. सात बोलून राहिले, एक चूप हाये. तीन नंबरचा धुराचा. त्याचा आवाजच येऊन नाही राहिला. जळन तो."

आणि मी म्हणालो, "दादा, तुले कोणताच आवाज येत नाही, तर त्याचा येऊन नाही राहिला हे तुले कसं कळलं?"

त्याच्याशी हळू बोलताच येत नाही. त्याला ऐकू जावं म्हणून सगळं ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे हेसुद्धा मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन, चालत्या इंजिनाच्या वर आवाज चढवून बोललो. त्याला ऐकू गेलं. गॅलरीतल्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. पाहुणे खो खो हसले. खरं म्हणजे विनोद चांगला होता, ऑफिसात असता तर मीही हसलो असतो.

दादा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखादा हिशेब मनात तपासून बघावा आणि तो बरोबर निघावा, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग म्हणाला, "हव. तेही हायेच." पेचकसाची मूठ शर्टाला पुसून तो पिशवीत ठेवला. समोसा खाल्ला. दुपारच्या बसने गेला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना असं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "अगं, भावाभावांत चालतं." ती पुढे बोलली नाही. माझ्या घरात माणसं माझ्याशी बोलायचं थांबवतात तेव्हा मला वाटतं की मी जिंकलो. फार उशिरा कळलं की ते तसं नसतं.

पुढच्या शनिवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. वहिनीला फोन केला तर म्हणाली, गुडघा दुखतो म्हणतात. मग म्हणाली, ऊन फार आहे. मग पाऊस फार आहे. नंतर तिने कारणं द्यायची सोडली. "बसून असतात जी," एवढंच. मी जायला पाहिजे होतं. बस दीड तासाची. मी गेलो नाही. मला वाटायचं, गाडी नीट चालतेय ना, मग एके दिवशी गाडी घेऊनच जाऊ, त्याच्या दारात उभी करू, म्हणजे त्याला कळेल की व्हॉल्व्ह बरोबर लागले होते आणि तो विषय आपोआप मिटेल. म्हणजे भावाची समजूत काढायला जायचं, पण आपलंच खरं होतं हे दाखवून. असला मी.

गाडी रविवारी थोडी थोडी चालवायचो. पावसाळ्यात बरी चालली. दिवाळीनंतर सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. तीनच सिलिंडरवर आचके देत चालायची आणि तापली की सुधारायची. मी पेट्रोलला दोष दिला, प्लगला दिला, कार्बुरेटर तीनदा उघडला. व्हॉल्व्हचं झाकण एकदाही उघडलं नाही. आता वाटतं, मला कुठेतरी ठाऊक होतं आणि म्हणूनच उघडलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी गाडी घेऊन दादाकडे निघालो. कडाक्याची थंडी पडली होती. गाडी सुरू व्हायला तयार नव्हती. ढकलून सुरू केली. कोराडीच्या पुढे गेल्यावर ताकद संपत आली, मागून फस फस आवाज येऊ लागला आणि चढावर गाडी थांबली. कडेला घेऊन मी मागचं उघडलं. या इंजिनाचं व्हॉल्व्हचं झाकण एका तारेच्या अडकवणीवर असतं, रस्त्यातही निघतं. तेल निथळत होतं. एकेक व्हॉल्व्ह मिटलेल्या जागी आणून रॉकर बोटाने हलवून पाहिले. एक टकटक हलला, दुसरा हलला, तिसरा, चौथा. असे सात हलले. तीन नंबरचा धुराचा रॉकर दगडासारखा घट्ट होता. इंजिन तापलेलं असतानाही घट्ट. म्हणजे दर थंड सकाळी तो व्हॉल्व्ह उघडाच असणार. मेच्या उन्हात फुगलेल्या इंजिनावर मी लावलेली जागा थंडीत मरून गेली होती, आणि एक तर पहिल्यापासूनच मेलेली होती. तो जळाला होता. पुढे इंजिन उघडलं तेव्हा व्हॉल्व्हची कड कुरतडल्यासारखी निघाली, पण मला तिथे रस्त्यावरच कळलं होतं.

ज्याला काही ऐकू येत नाही त्याने दातांनी जे ओळखलं, ते चांगले कान असलेल्या सहा-सात माणसांना कळलं नव्हतं. मी मैलाच्या दगडावर बसलो. ट्रक जात होते. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

मग गाडी तिथेच सोडून बस पकडली आणि सावनेरला गेलो.

दादा दारात कोवळ्या उन्हात बसला होता, कानटोपी घालून. बारीक झाला होता. मला पाहून थोडा हसला, परक्या माणसाकडे बघून हसतात तसा. हाताला वंगण लागलेलं पाहूनही त्याने काही विचारलं नाही. हा माणूस वंगणाचे हात बघितले की आधी विचारायचा, काय झालं, कोणतं इंजिन.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. वहिनी आतून म्हणाली, "ऐकू नाही आलं त्याइले. ऐकू नाही आलं की आता अशीच मान हलवतात."

मी जवळ जाऊन ओरडलो. पुन्हा ओरडलो. समोरच्या घरातली बाई बाहेर आली. आळी ऐकत होती आणि दादा मान हलवत होता. अपमान पहिल्या खेपेला ऐकू गेला होता. माफी कितीही ओरडलो तरी जात नव्हती. शेवटी मी वहिनीकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं: तीन नंबरचा व्हॉल्व्ह जळला. तू सांगितलं होतं ते बरोबर होतं. मी मूर्ख आहे. तुझ्याशिवाय हे इंजिन लागणार नाही. तू ये.

त्याने चष्मा लावला. कागद दूर धरून वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याने मला शिव्या घालाव्यात, निदान 'सांगत नव्हतो?' एवढं तरी म्हणावं, यासाठी मी त्या क्षणी काहीही दिलं असतं.

"नाही गा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता. "मले काय ऐकू येते? अंदाजानं बोललो असन तवा. लागला असन अंदाज."

मी जोरजोरात मान हलवली. कागद ओढून घेऊन लिहिलं: अंदाज नाही. तुला कळलं होतं.

त्याने तेही वाचलं. मग कागदाची नीट चौपदरी घडी केली, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही माझ्या खिशात ठेवून खिशावर थोपटलं, लहानपणी मला शाळेत सोडताना थोपटायचा तसं.

"एखादा चांगला मिस्त्री पाह्य नागपुरात," तो म्हणाला. "तुह्या ओळखीत भेटन कोणी."